क्रियापदाची टोपी

वर्षभर या सदराला एक पान मिळते. दिवाळी अंक आला की संपादक उदार होतात आणि म्हणतात, "या वेळी मोकळेपणाने लिहा." आता मोकळेपणाने लिहा म्हटले की माणूस आखडतो, हा अनुभव कोणाला नाही? गणपती बसायच्या आधीपासूनच माझी घालमेल सुरू होते. यंदा हिने विचारले, "कशावर लिहिताय?" मी म्हटले, "फ्रेंच क्रियापदाच्या एका मेलेल्या रूपावर." ती मोदकांची उकड मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "सणासुदीला मेलेलं कशाला? आणि ते वाचणार कोण?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचकांनी द्यायचे आहे. पहिल्याचे उत्तर द्यायला मात्र मला थोडे मागे जावे लागेल.

बँकेतून निवृत्त झालो त्याच सुमारास आमच्या मुलीने लिओंच्या एका मुलाशी लग्न ठरवले. मुलगा चांगला, घर चांगले. अडचण एवढीच की व्याही-विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला फ्रेंच. लग्नात आम्ही चौघे एकमेकांकडे पाहून इतके हसलो की दुसऱ्या दिवशी गाल दुखत होते. घरी परतल्यावर मी निश्चय केला की ही भाषा शिकायची. वय एकसष्ट. संध्याकाळच्या वर्गात सगळी विशी-पंचविशीची मुले आणि मागच्या बाकावर मी, टिफिनच्या पिशवीत वही घेऊन. फ्रेंच क्रियापदांच्या रूपांचे 'बेशरेल' नावाचे एक जाडजूड पुस्तक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका व्याकरणकाराचे ते आडनाव. रात्री जेवण झाल्यावर मी ते उघडून बसे आणि ही म्हणे, "काढलं का ते बेशरम?" आमच्या घरात त्या पुस्तकाचे नाव तेच पडले.

चार वर्षे शिकल्यावर शेवटच्या धड्यांपैकी एकात तो काळ आला. फ्रेंचमध्ये त्याचे नाव 'अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तीफ'. मराठीत काय म्हणावे? 'अपूर्ण भूतकाळी विध्यर्थ' म्हटले तर शब्दाला शब्द लागतो, पण डोक्यात प्रकाश पडत नाही. वर्गातल्या बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि सांगितले, "हे फक्त ओळखायला शिका. पुस्तकात दिसले तर ओळखा आणि पुढे चला. बोलू नका, लिहू नका." आता, वापरू नका असे सांगितलेली वस्तू वापरून पाहण्याची इच्छा होत नाही असा विद्यार्थी पासष्टाव्या वर्षीही निपजायचा आहे.

वाचकहो, मी तुम्हाला घाबरवणार नाही. ही गोष्ट मराठी माणसाला कळायला सोपी आहे. आपण म्हणतो, "त्याने यावे असे मला वाटते." यातले 'यावे' हे घडलेल्या गोष्टीचे क्रियापद नव्हे, इच्छेचे आहे. तो येईल, न येईल. फ्रेंचमध्येही इच्छा, भीती, शंका, गरज यांच्या मागून जे क्रियापद येते ते असेच वेगळे रूप घेऊन येते. इथवर आपण आणि ते भाऊ-भाऊ. पुढे वाटा फुटतात. मराठीत मुख्य क्रियापद भूतकाळात गेले तरी 'यावे' आपल्या जागी बसून राहते. "त्याने यावे असे मला वाटते", "त्याने यावे असे मला वाटत होते", "त्याने यावे असे मला वाटले असते". कुठेही घाला, 'यावे' ते 'यावे'च. जुन्या फ्रेंच व्याकरणाला हे खपत नाही. मालक भूतकाळात गेला की नोकरानेही पाठोपाठ गेलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक. "वाटते" असेल तर 'यावे'चे एक रूप. "वाटत होते" असेल तर 'यावे'चे दुसरे, भूतकाळातले रूप. ते दुसरे रूप म्हणजेच आपला हा मेलेला काळ.

आणि बनवायला तो किती सोपा! फ्रेंचमध्ये 'पासे सँप्ल' नावाचा एक साधा भूतकाळ आहे. त्याचे 'तू'चे रूप घ्यायचे, त्याच्या शेवटी एस हे अक्षर असतेच, त्याला आणखी एक एस आणि एक ई जोडायचे. झाले. 'एमे' म्हणजे प्रेम करणे, त्यावरून 'एमास'. मग 'आम्ही'साठी 'एमासियों', 'तुम्ही'साठी 'एमासिए'. 'फिनीर' म्हणजे संपवणे, त्यावरून 'फिनीस'. 'व्हनीर' म्हणजे येणे, त्यावरून 'व्हँस'. फ्रेंच व्याकरणात दर नियमाला शेपटासारखे अपवाद लोंबत असतात हे शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या नियमाला मात्र अपवाद नाही. साधा भूतकाळ कितीही वेडावाकडा असो, त्यावरून हे रूप सरळ निघते. ज्याला अपवाद नाही असा एक नियम हाती लागावा आणि नेमका तोच कोणी वापरू नये, याला काय म्हणावे!

फक्त 'तो' आणि 'ती'चे रूप जरा निराळे आहे आणि आजच्या लेखाचे काम त्याच्याशीच आहे. तिथे ते एस लिहीत नाहीत. पूर्वी लिहीत असत. ते अक्षर आधी उच्चारातून गेले, मग लेखणीतून गेले आणि त्याच्या जागी आधीच्या स्वरावर एक छोटीशी टोपी आली, घराच्या छपरासारखी. इंग्रजीत आपण हॉस्पिटल म्हणतो. फ्रेंचमध्ये 'ओपिताल' आणि ओ या अक्षराच्या डोक्यावर टोपी. फॉरेस्टचे 'फोरे', पुन्हा टोपी. गेलेल्या अक्षराची समाधीच ती. या टोपीचा परिणाम काय होतो पाहा. 'व्हनीर'चा साधा भूतकाळ 'तो आला' याला म्हणतात 'व्हँ'. लिहायची अक्षरे चार: व्ही, आय, एन, टी. आणि 'त्याने यावे' असे भूतकाळातल्या इच्छेत म्हणायचे तर तेही 'व्हँ'च. अक्षरेही तीच चार. फरक एवढाच की आय या अक्षरावर टिंबाच्या जागी टोपी येते. कानाला काही कळत नाही. टोपी असली तर यावा. नसली तर आला.

१९९० साली फ्रेंच लेखनात काही सुधारणा सुचवण्यात आल्या, त्यात आय आणि यू या अक्षरांवरच्या पुष्कळ टोप्या उतरवायला परवानगी मिळाली. २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांतून त्या सुधारणा दिसणार असे कळल्यावर तिकडे केवढा गहजब झाला. पण सुधारणा करणाऱ्यांनीही या क्रियापदांच्या टोप्यांना हात लावला नाही. ती काढली तर घडलेले आणि न घडलेले एकच होऊन बसेल, हे त्यांनाही ठाऊक होते.

असो. २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लिओंला गेलो. पहिल्याच रविवारी व्याह्यांकडे जेवण. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, मिशाळ, मोठ्याने हसणारे. विहीणबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. कमी बोलणार आणि समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबणार. टेबलाभोवती मुलगी, जावई, जावयाचा भाऊ, त्याची बायको आणि सहा वर्षांची आमची नात. बटाट्यात मीठ कमी होते. मीठदाणी विहीणबाईंच्या हाताशी. मी मनात वाक्य जुळवले, दोनदा तपासले आणि खाकरून म्हणालो, "ज व्हुद्रे क व्हू म पासासिए ल सेल." म्हणजे, आपण मला मीठ द्यावेत अशी माझी इच्छा आहे.

क्षणभर सगळे गप्प. मग जावयाचा भाऊ पाणी पिता पिता ठसकला. व्याही असे हसू लागले की त्यांना खुर्ची मागे सारावी लागली. नातीने आईला विचारले, "आजोबा काय म्हणाले?" आणि आमची मुलगी, जिने मला ही भाषा शिकण्याबद्दल फोनवर एवढी शाबासकी दिली होती, ती ताटात मान घालून बसली. हिने मला मराठीत विचारले, "काही वावगं बोललात का हो?"

बोललो नव्हतो. वाक्यात एक अक्षर चुकले नव्हते. पण समजा, आपल्याकडे एखादा परदेशी पाहुणा पंगतीत बसला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "हे सुगृहिणी, लवण मजप्रति प्रेषित करावे", तर आपण काय करू? तसे ते झाले. शिवाय त्या रूपांचा आवाजच त्यांना हसवतो. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी 'आस' लागला की त्यात जरा तुच्छता येते. कागद म्हणजे 'पापिए', पण 'पापरास' म्हणजे कागदांची कटकट, रद्दी. त्यामुळे 'एमास' म्हटले की प्रेमाचा रद्दीत लिलाव काढल्यासारखे वाटते. 'शकणे' या क्रियापदाचे रूप 'प्यूस' होते आणि पिसूलाही 'प्यूस'च म्हणतात. कानशीने घासण्याचे क्रियापद या काळात घातले तर त्याचा आवाज 'लिमास', म्हणजे शेंबडी गोगलगाय. अल्फाँस आले नावाचा एक विनोदी लेखक होऊन गेला, १८५४ ते १९०५. त्याच्या नावावर एक प्रेमाची विराणी सांगतात, तिच्यात ही सगळी रूपे रांगेने उभी केली आहेत. प्रियकर बिचारा व्याकरणशुद्ध रडतो आणि ऐकणारे पोट धरून हसतात.

विहीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी मीठदाणी माझ्यापुढे ठेवली आणि गंभीरपणे म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. पण असे कोणी म्हणत नाही. १९०१ पासून सरकारने आम्हाला माफ केले आहे."

मला वाटले, थट्टा करताहेत. पण ते अक्षरशः खरे आहे. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्याने, जॉर्ज लेग याने, एक हुकूम काढला. त्यात परीक्षकांना सांगितले होते की अमुक अमुक गोष्टींना यापुढे चूक धरू नये. त्यातली एक ही: "मला आवडेल की" अशा वाक्यांनंतर विद्यार्थ्याने भूतकाळी रूपाऐवजी साधे वर्तमानकाळी रूप लिहिले तर चालवून घ्यावे. १९७६ मध्ये ही सवलत आणखी वाढवली. भाषेतली चूक सरकारी हुकमाने माफ होते, ही कल्पनाच मला फार आवडली. आमच्या बँकेत अशी सोय असती तर!

जेवण झाल्यावर विहीणबाईंनी कपाटातून जुनी पुस्तके काढली आणि आम्ही दोघे खिडकीपाशी बसलो. त्यांनी जे सांगितले ते मी पुढे वाचून ताडून पाहिले. या रूपाचे कूळ लॅटिनमध्ये आहे आणि एके काळी फ्रेंच लोक 'जर' नंतरसुद्धा हेच वापरत. पुढे ते काम त्यांनी दुसऱ्या, सोप्या काळाकडे दिले. मग ज्या साध्या भूतकाळावरून हे रूप निघते तो काळही बोलण्यातून गेला. लोक दुसऱ्याच भूतकाळात बोलू लागले. आईच काय, विहीरही आटली. एकोणिसाव्या शतकात हे रूप बोलण्यातून गेले आणि विसाव्यात हळूहळू लिहिण्यातूनही. मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीत ते पानोपानी भेटते. पण आल्बेर काम्यूने १९४२ मध्ये 'लेत्रांजे' लिहिली ती बोलण्यातल्या भूतकाळात, आणि तिथून वारा फिरला असे म्हणायला हरकत नाही. आज छापील पुस्तकात दिसते ते बहुधा टोपीवालेच रूप, 'तो'चे आणि 'ती'चे. कारण ते कानाला टोचत नाही. बाकी 'आम्ही-तुम्ही'ची लांबलचक रूपे थट्टेपुरती. तरी काही ठराविक वाक्प्रचारांत ते अजून तग धरून आहे. 'प्ल्यूता द्यो', म्हणजे 'देव करो'. 'न फ्यूस क', म्हणजे 'निदान एवढ्यासाठी तरी'. जुन्या वाड्याचा दरवाजा तेवढा उभा राहावा तसे.

इथे मला आमच्या इमारतीतले मडगावचे गृहस्थ आठवतात. ऐंशी ओलांडलेले. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकले. त्यांना मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले, तर ते म्हणाले, "मेलं कसं भाऊ? आम्ही बाजारात मासळी घेताना बोलायचो! 'से एउ पुदेसे', मला शक्य असतं तर. 'से एउ फोसे', मी असतो तर." आणि खरेच, पोर्तुगीजातले ते रूप याच लॅटिन घरातले, फ्रेंचचे सख्खे भावंड. स्पॅनिश, इटालियन लोकही आपापले असे रूप रोज उठून वापरतात, कोणी हसत नाही. तेव्हा रूप अवघड म्हणून मेले, हे काही खरे नाही. त्याच्या हातचे रोजचे काम गेले आणि मग ते बाहेरच्या खोलीत बसून राहिलेल्या म्हाताऱ्यासारखे झाले. हे मी निवृत्त माणसाच्या अधिकाराने सांगतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. परक्या भाषेत शिरलेल्या माणसाला व्याकरणाशिवाय दुसरा आधार नसतो. सेनेगालचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेंघोर हे कवी, आणि १९३५ मध्ये फ्रेंच व्याकरणाची सर्वात कठीण स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले आफ्रिकन. पुढे १९८३ मध्ये ते फ्रेंच अकादमीवर निवडून आले. घरचा माणूस चप्पल घालूनही देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जातो. पाहुणा मात्र बाहेरच पाय धुतो. माझी आणि सेंघोरांची बरोबरी नाही, पण पाय धुण्यापुरती आहे.

त्या मिठाच्या प्रकारानंतर व्याह्यांनी माझे नाव ठेवले 'मस्यो ल मार्की', म्हणजे सरदारसाहेब. पुण्याला परतल्यावर दर रविवारी फोन येऊ लागला. मी विचारी, "हवा कशी आहे?" ते मिशीतल्या मिशीत हसत काहीतरी 'आसियों', 'आसिए' जुळवून सांगत. त्यातली निम्मी रूपे बेशरेलच्या बापालाही ठाऊक नसतील. मी ती दुरुस्त करी आणि ते आणखी वाईट करून परत म्हणत. पाहा, लिहिता लिहिता 'विचारी' आणि 'करी' लिहून गेलो! बोलताना कोण असे म्हणते? "मी विचारायचो", "मी करायचो" असे आपण म्हणतो. आपलाही हा रीतीचा भूतकाळ असाच बोलण्यातून गेला आहे. पण तो गेला हे कोणाच्या लक्षातही आले नाही. कोणी त्याला हसले नाही, कोणी हुकूम काढला नाही.

व्याह्यांना पुणे पाहायचे होते. त्यांना आगगाड्यांचे वेड. खंडाळ्याच्या घाटातून गाडीने वर यायचे, असा त्यांचा बेत. मी त्यांना बोगदे मोजून कळवणार होतो. २०२० च्या डिसेंबरात यायचे ठरले आणि त्या वर्षी कोण कुठे गेले, हे आपण सगळे जाणतो. पुढच्या वर्षी त्यांच्या हृदयाने तक्रार केली. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितले. फोनवर ते म्हणत, "मार्की, घाट कुठे पळून जात नाही." २०२२ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, पहाटे मुलीचा फोन आला.

जाणे शक्य नव्हते. हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. फोनवर विहीणबाईंशी बोललो, पण दुःखात परकी भाषा तोंडात येत नाही. मी "हो, हो" एवढेच म्हणत राहिलो. म्हणून पत्र लिहायला बसलो. आपल्याकडे पत्राचे किती बरे होते! 'कळावे, लोभ असावा'. एवढे लिहिले की उरलेले समोरच्याला समजे. 'असावा' या एका शब्दात किती मावते, ते मला त्या दिवशी कळले. फ्रेंचमध्ये विहीणबाईंना काय म्हणून हाक मारावी, इथपासून अडले. व्याही-विहीण या नात्याला त्यांच्याकडे सुटसुटीत शब्दच नाही. शेवटी 'प्रिय बाई' असे लिहून पुढे गेलो.

दोन दिवस लागले. पाच वेळा खरडले. मधोमध एक वाक्य होते: "त्यांनी पुण्याला यावे असे आम्हाला फार वाटत होते." आता इथे मी वर्गातल्या बाईंचे ऐकणार नव्हतो. १९०१ ची माफी आणि १९७६ ची माफी मला ठाऊक होती. साधे रूप लिहिले असते तर कोणी बोट ठेवले नसते. पण जे वाटत होते ते संपले होते, आणि त्याला ते जुने, टोपी घातलेले रूपच हवे असे मला वाटले. शिवाय ते त्यांच्या मार्कीचे पत्र होते. कच्च्या कागदावर ते वाक्य मी नीट लिहिले. मग पांढऱ्या कागदावर उतरवले, पाकीट चिकटवले आणि पोस्टात रजिस्टर करून आलो.

रात्री झोप येईना म्हणून पक्क्या पत्राचा फोटो, जो मी मुलीला दाखवायला फोनमध्ये घेऊन ठेवला होता, तो उघडून पाहिला. त्या एका शब्दावर टोपी नव्हती. आय या अक्षरावर नेहमीचे टिंब होते. शाळामास्तरणीला, नवरा गेल्यावर, मी पत्र लिहिले होते आणि त्यात 'यावे'च्या जागी 'आले' लिहिले होते.

मी हिला उठवले. ती म्हणाली, "अहो, त्या बाईचा नवरा गेलाय. ती काय टोप्या मोजत बसणार आहे?" मी म्हटले, "तुला कळत नाही, त्या मोजतात." दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन विचारून आलो, पत्र परत मिळेल का. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले की मी आणखी काही न बोलता निघालो. मुलीला फोन करावा की करू नये, यात आठवडा गेला. केला नाही.

जानेवारीच्या शेवटी उत्तर आले. निळी शाई, गोल अक्षर, फळ्यावर लिहितात तसे. अंत्यविधीला कोण कोण आले, नातीने काय वाचून दाखवले, हे सगळे सविस्तर होते. रेल्वेतले जुने सोबती गणवेषाची टोपी हातात धरून उभे होते, हेही होते. दुसऱ्या पानाच्या खाली त्यांनी लिहिले होते, ते मराठीत असे होईल: "अडतीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या. तुमच्या पत्रात एकच चूक आहे. ती कोणती, हे तुम्हाला आतापर्यंत कळले असेलच, कारण मी तुम्हाला ओळखते. मी तांबडी लेखणी घेतली होती. मग ठेवून दिली. राहू द्या तसेच. तुमच्या पत्रात ते पुण्याला आले."

मी ते हिला वाचून दाखवले आणि मराठीत सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आणखी काय लिहिलंय?"

आणखी एकच ओळ होती, सहीच्या वर. "इल फोद्रे क ज व्ह्येन." म्हणजे, मला यायला हवे. जुन्या नियमाने तिथे 'व्हँस' पाहिजे. त्यांनी 'व्ह्येन' लिहिले होते, साधे, वर्तमानकाळी, १९०१ पासून माफ असलेले.

या डिसेंबरात विहीणबाई येताहेत, नातीला घेऊन. मुंबईहून गाडीनेच या, असे मी कळवले आहे. बोगदे मोजायचे माझे अजून राहिले आहेत. दिवाळी झाली की एकदा मुंबईला जाऊन येईन.